नर्सिंगच्या शाळेपर्यंतचे अंतर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झरी जामणी हा तालुका आहे. खाली पैनगंगा, आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. जवळची मोठी गावे म्हणजे पांढरकवडा आणि वणी. जिल्ह्याचे ठाणे यवतमाळ रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या येथल्या मुलीपुढे शरीररचनाशास्त्राच्याही आधी एसटीचे वेळापत्रक उभे राहते. वॉर्डातली सकाळची ड्यूटी सात-आठ वाजता सुरू होते आणि वॉर्ड कुणासाठी थांबत नाही.

रोजच्या या ये-जा करण्याला विदर्भात सगळे ‘अपडाऊन’ म्हणतात. शिक्षक अपडाऊन करतात, ग्रामसेवक करतात, महाविद्यालयीन मुले करतात. परंतु नर्सिंगच्या विद्यार्थिनीचे अपडाऊन इतिहासाच्या दृष्टीने काहीसे चमत्कारिक आहे. कारण नर्सिंगची शाळा ही संस्था जन्मली तीच मुळी ‘शिकणारी मुलगी घरून येणार नाही’ या अटीवर. ही अट का आली, महाराष्ट्रात तिचे काय झाले, आणि ती सैल झाल्यावर झरी जामणीसारख्या तालुक्याच्या वाट्याला काय आले, याचा हा धागा.

आरंभ लंडनपासून करावा लागतो. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सन्मानार्थ जनतेने निधी गोळा केला होता. त्या निधीतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंधरा जणी होत्या. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण आणि थोडे वेतन शाळेकडून. राहणे रुग्णालयातच.

या शेवटच्या अटीमागे एक सामाजिक भीती होती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयात काम करणारी बाई म्हणजे अशिक्षित, मद्यपी, भरवसा ठेवू नये अशी, हा समज सर्वत्र होता. भल्या घरची मुलगी या कामाला यावी, तर तिच्या चारित्र्याची हमी कुणीतरी घेणे भाग होते. नाइटिंगेल यांनी ती हमी इमारतीच्या रूपाने दिली. स्वतंत्र खोली, देखरेख करणारी मेट्रन, ठरलेल्या वेळा. मुलगी रस्त्यावर दिसणारच नाही, म्हणजे रस्त्यावरच्या बोलण्याला विषय उरणार नाही. शिवाय आठ-दहा तास कधीही कामाला उभी राहू शकणारी माणसे रुग्णालयाला आवारातच मिळाली. हा दुसरा फायदा शाळेच्या माहितीपत्रकात फारसा ठळकपणे लिहिला जात नाही, पण पुढची शंभर वर्षे नर्सिंगचे शिक्षण त्याच्याच बळावर चालले.

हे प्रारूप हिंदुस्थानात आले तेव्हा इथली अडचण इंग्लंडहून अधिक गुंतागुंतीची होती. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. स्त्रियांवर स्त्रियांनीच उपचार करावेत, ही त्यामागची कल्पना. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर तिथे प्रमुख होत्या. डॉक्टर विलायतेहून आणता येत होत्या. परिचारिका मात्र इथल्याच हव्या होत्या, कारण रुग्णाशी बोलायचे ते मराठीत किंवा गुजरातीत.

आल्या त्या बहुतेक अँग्लो-इंडियन, पारशी आणि ख्रिस्ती मुली. भारतीय परिचर्येच्या इतिहासात काशीबाई गणपत हे नाव १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून नोंदले गेले आहे. त्यांच्याविषयी या एका ओळीपलीकडे पाठ्यपुस्तके फारसे काही सांगत नाहीत. कोणत्या गल्लीतून त्या रुग्णालयात आल्या, घरचे काय म्हणाले, शेजारणींनी दार लावून घेतले का, हे सारे त्या ओळीच्या मागे राहिले आहे.

अडचण कोणती, हे मात्र सहज सांगता येते. परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढणे, बाळंतपणाचे काम, जे परंपरेने खालच्या मानलेल्या जातींतल्या सुइणींकडे होते, आणि रात्रपाळी. या चारांवर पाचवी अडचण असे ती रस्त्याची. स्त्री एकटी, ठरावीक वेळी, दररोज, कामासाठी घराबाहेर पडते ही गोष्टच नवी होती. पुण्यात १८४८ नंतर शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण-माती फेकली गेली ती शाळेत नव्हे, वाटेवर. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये याच सावित्रीबाई पुण्याबाहेर ससाणे मळ्यावर रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी उचलून दवाखान्यात आणले, त्याच साथीची त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षण, पदवी, गणवेश यांतले काहीही नसताना केलेली ही शुश्रूषा होती.

प्लेगने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. हजारो रुग्ण आणि त्यांना हाताळणारी शिकलेली स्त्री शोधून सापडेना. परिचारिका ही चैन नाही, शहराची गरज आहे, हे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांना त्या वर्षांनी शिकवले.

याच पार्श्वभूमीवर सेवासदन उभे राहिले. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची कल्पना मांडली. तिच्या केंद्रस्थानी हिंदी स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देणे हा विचार होता. मार्गदर्शनासाठी त्यांनी गाठले ते रमाबाई रानडे यांना. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, रमाबाई आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये वारले होते. रमाबाई स्वतः लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या. इंग्रजी शिकतात, पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानांना जातात म्हणून घरातल्याच बायकांकडून त्यांनी किती सोसले, हे त्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. उंबरठा ओलांडण्याची किंमत जिने स्वतः मोजली होती, अशा स्त्रीच्या हाती परिचारिका घडवण्याचे काम आले, हा पुण्याचा भाग्ययोग म्हणावा लागेल.

सेवासदनच्या विद्यार्थिनी १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. आता अंतर पाहा. पेठांमधून ससूनपर्यंतची वाट दोन-तीन किलोमीटरची. आजची मुलगी ती सायकलवर पंधरा मिनिटांत संपवील. पण सदाशिव पेठेतल्या ब्राह्मण विधवेने, केशवपनाची सक्ती अजून संपलेली नसताना, रोज सकाळी छावणीच्या दिशेने, गोऱ्या साहेबांच्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात जाण्यासाठी निघणे म्हणजे त्या दोन-तीन किलोमीटरांवर प्रत्येक ओटा, प्रत्येक खिडकी आणि प्रत्येक पानाचे दुकान पार करणे. झरीहून यवतमाळला जाण्याइतकेच, कदाचित त्याहूनही लांब अंतर होते ते.

रमाबाई आणि देवधर यांनी यावर काढलेला उपाय व्यवहारी होता. व्याख्याने देऊन लोकांची मने बदलत बसण्यापेक्षा त्यांनी वसतिगृहे काढली. प्रशिक्षणार्थी परिचारिकांसाठी एक, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वेगळे. बाहेरगावच्या मुलींचा प्रश्न त्यामुळे सुटलाच; पण पुण्यातच माहेर-सासर असलेल्या स्त्रीलाही रोजच्या टोमण्यांपासून आडोसा मिळाला. वसतिगृहात राहणारी स्त्री ‘रमाबाईंच्या देखरेखीखाली’ असे. रानडे या आडनावाची पत काशीबाई गणपतांच्या वाट्याला आली नव्हती. सेवासदनच्या मुलींना ती उसनी मिळाली.

त्याच काळात अण्णासाहेब कर्वे यांनी याच प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला होता. विधवांचा आश्रम त्यांनी शहरातून उचलून हिंगण्याला नेला आणि पायपीट स्वतःकडे घेतली. फर्ग्युसनमध्ये शिकवून झाले की चिखल तुडवत ते हिंगण्याची वाट धरत. विद्यार्थिनींनी चालायचे की शिक्षकाने, याचे कर्व्यांनी दिलेले उत्तर पुढे नर्सिंगच्या शिक्षणात कुणाला परवडले नाही, कारण रुग्णालय उचलून गावाबाहेर नेता येत नाही.

मिशनांच्या रुग्णालयांत हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिरजेच्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले होते. नागपुरात १८९६ पासून स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय होते. शाळा, वसतिगृह, प्रार्थनाघर, दवाखाना सारे एकाच कुंपणात. शिकणाऱ्या पुष्कळ मुली मिशनच्या शाळांत वाढलेल्या, काही १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या. ज्यांना घरच उरले नव्हते, त्यांना घरून येण्याचा प्रश्न पडत नाही. महाराष्ट्राच्या परिचर्येची पहिली फळी अशी उभी राहिली: ज्यांच्यामागे ‘लोक काय म्हणतील’ विचारणारे कुटुंब नव्हते, किंवा ज्या कुटुंबाने त्यांना आधीच बाजूला सारले होते, अशा स्त्रियांची. पुढच्या कितीतरी दशकांत केरळातल्या ख्रिस्ती मुली आगगाडीने दोन-दोन दिवसांचा प्रवास करून मुंबई, मिरज, नागपूर गाठत राहिल्या, त्याही याच वसतिगृहांच्या भरवशावर.

आता यवतमाळकडे वळू. हा जिल्हा वऱ्हाडचा. निजामाने १८५३ च्या तहानुसार वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि पैनगंगा ही दोन राजवटींमधली सीमा बनली. १९०५ पर्यंत जिल्ह्याचे अधिकृत नावच ‘वणी’ होते (इंग्रजांच्या कागदांत ‘वून’), मुख्य ठाणे मात्र यवतमाळला. आजचा झरी जामणी परिसर या जिल्ह्याचा सर्वांत दूरचा कोपरा: सागाचे जंगल, कोलाम आणि गोंडांची वस्ती, कापसाची शेते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची आगगाडी आली. हीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झाली. ती आली कापसाच्या गाठींसाठी, आणि यवतमाळला येऊन थांबली. दक्षिणेकडचे तालुके बैलगाडीवरच राहिले. आज मुकुटबनवरून माजरी–आदिलाबाद लोहमार्ग जातो खरा, पण त्याची दिशा वेगळी. यवतमाळशी त्याचा संबंध नाही. तालुक्याला रूळ आहेत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायला गाडी नाही, ही स्थिती अशी जुनी आहे.

वऱ्हाडच्या या टोकातून मुलीने नर्स होण्यासाठी बाहेर पडावे, अशी व्यवस्था स्वातंत्र्यापर्यंत नव्हतीच म्हटले तरी चालेल. देशाचे चित्रही फार निराळे नव्हते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. (भोर हे नाशिकचे. त्यांच्या अहवालाचे नाव आरोग्यविज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असते. ते मूळचे महाराष्ट्रातले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.) समितीच्या हिशेबाने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. ५०० लोकांमागे एक परिचारिका हवी आणि १९७१ पर्यंत ७,४०,००० परिचारिका तयार व्हाव्यात, असे उद्दिष्ट समितीने ठेवले.

एवढ्या मुली मोठ्या शहरांतून मिळणे शक्य नव्हते. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९५१ पासून ‘सहायक परिचारिका-प्रसाविका’ हा छोटा अभ्यासक्रम देशात सुरू झाला. हीच आपली एएनएम. गावाच्या भाषेत नर्सबाई, सिस्टर. शिक्षणाची अट कमी, कालावधी दोन वर्षांचा, आणि शाळा जिल्हा पातळीवर. वसतिगृह सक्तीचे, विद्यावेतन थोडे परंतु नियमित.

सरकारी कागदात ही एक साधी योजना होती. प्रत्यक्षात तिने रमाबाईंची युक्ती जिल्ह्याजिल्ह्यात नेली. पुण्याला जाणे ज्यांना स्वप्नातही शक्य नव्हते, त्या शेतकऱ्यांच्या, दलितांच्या, आदिवासींच्या मुली, तरुणपणी नवरा गमावलेल्या स्त्रिया जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून नोकरीचे प्रमाणपत्र मिळवू लागल्या. महिन्याला दहा-पंधरा रुपयांचाही बसखर्च न पेलणाऱ्या घरातून एक पगारदार मुलगी निघणे, हा त्या काळात केवढा बदल होता, याची कल्पना आजच्या पगारांवरून येणार नाही. १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली एसटी हळूहळू तालुक्यांपर्यंत पोहोचत होती. परंतु नर्सिंगच्या मुलीला ती लागे वर्षातून दोन-तीनदाच: दिवाळीला जाताना आणि परत येताना.

पण शिकून बाहेर पडल्यावर दुसरे अंतर समोर आले. या मुलींची नेमणूक होई परक्या गावात. राहायला धड जागा नाही, गावात नातेवाईक नाही, रात्री-बेरात्री दारावर थाप. ज्या वसतिगृहाने वाटेवरच्या नजरांपासून दोन वर्षे वाचवले, ते संपताच ती पुन्हा त्याच नजरांपुढे उभी, आणि यावेळी एकटी.

याचा सर्वांत स्पष्ट अनुभव जामखेडला आला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्याच्या या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले, तेव्हा त्यांनी आरंभी गावांत प्रशिक्षित एएनएम ठेवून पाहिल्या. गाव त्यांना आपले मानेना आणि त्यांचे गावात मन रमेना. तेव्हा गावातल्याच माणसांनी सुचवले, की आमच्याच गावातली बाई का शिकवत नाही? आरोळ्यांनी ते ऐकले. लिहिता-वाचता न येणाऱ्या, बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येऊन शिकू लागल्या आणि उरलेले दिवस आपापल्या गावात काम करू लागल्या. वेगवेगळ्या जातींच्या या स्त्रिया सुरुवातीला शेजारी बसायलाही बिचकत. पुढे एकत्र जेवू-राहू लागल्या.

शिक्षणाच्या अंतराचा हा तिसरा उपाय होता. वसतिगृहात दोन-तीन वर्षे बांधून राहणे नको, रोजचे अपडाऊनही नको. आठवड्यातून एकदा जायचे आणि शिकलेले त्याच आठवड्यात वापरायचे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये आलेल्या ‘आशा’ योजनेत ती बाई त्याच गावची रहिवासी असली पाहिजे, अशी अट घातली गेली, तिच्यामागे जामखेडसारख्या प्रयोगांचा धडा आहे. मर्यादा एवढीच, की आशा ताई परिचारिका नव्हे. तिला इंजेक्शनची सुई, प्रसूतिगृह आणि वेतनश्रेणी यांपासून दूरच ठेवण्यात आले.

दरम्यान नर्सिंगच्या शिक्षणाचे स्वरूप बदलत गेले. १९७७ पासून एएनएमचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला. २०१२ नंतर तो पुन्हा दोन वर्षांवर आला. नाशिकला १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि बी.एस्सी. नर्सिंगची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. त्याच्या आगेमागे खासगी संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. परिचर्या परिषदेच्या निकषांत वसतिगृह आजही आहे. परंतु वसतिगृह असणे आणि ते परवडणे यांत फरक असतो. सरकारी शाळेत विद्यार्थिनीला विद्यावेतन मिळे; खासगी संस्थेत तीच विद्यार्थिनी शुल्क भरते. शुल्क भरून झाल्यावर मेसचे पैसे उरत नाहीत, तेव्हा कुटुंब वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडते: वसतिगृहाचा महिना इतका, एसटीचा पास इतका. पास स्वस्त पडतो. नाइटिंगेलने बंद केलेली वाट अशी परत उघडली, आणि तीही स्वातंत्र्य म्हणून नव्हे, काटकसर म्हणून.

या हिशेबात एक बारीक खाच आहे. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना १९९६ ची. आरंभी ती पाचवी ते दहावीपर्यंत होती, पुढे बारावीपर्यंत वाढली. तिच्यामुळे झरीसारख्या तालुक्यांत किती मुली दहावीपर्यंत टिकल्या, हे कोणताही जुना मुख्याध्यापक सांगेल. नर्सिंग सुरू होते बारावीनंतर. म्हणजे प्रवास जिथे खरा लांबतो, तिथे मोफत पास संपतो. मग सवलतीचा मासिक पास, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना लागू झालेले अर्धे तिकीट.

आणखी एक नियम या वाटेवर सतत मागे लागलेला असतो. परिचर्या परिषदेनुसार प्रमाणपत्रासाठी वर्गातली हजेरी ८० टक्के असली तरी चालते, रुग्णालयातील प्रात्यक्षिकाची मात्र १०० टक्के लागते. बुडालेला दिवस भरून द्यावाच लागतो. नियम रास्त आहे. सलाईन लावणे पुस्तकातून शिकता येत नाही. पण एसटी चुकली, नाल्याला पूर आला, गाडी वाटेत बंद पडली, तर तो दिवस सुट्टीत उभे राहून फेडावा लागतो. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात हे दिवस किती साचले असतील, याचा अंदाज करता येतो. खासगी जीपचे भाडे देणे किंवा घरी बसणे, एवढेच पर्याय होते.

यातून निभावण्याचे मार्ग मुलींनीच शोधले, आणि ते महाराष्ट्रभर जवळपास सारखे आहेत. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी तिघी-चौघींनी मिळून एक खोली करायची, गॅस एकीचा, भांडी दुसरीची, आणि दर शनिवारी घरून तांदूळ-डाळ आणायची. मामाकडे किंवा मोठ्या बहिणीच्या सासरी राहायचे. त्या बदल्यात घरकाम आणि भाचरांचा अभ्यास. ड्यूटीच्या आठवड्यात मुक्काम, वर्गाच्या आठवड्यात अपडाऊन. गणवेश पिशवीत, अंगावर साधे कपडे, कारण धुळीच्या रस्त्यावर पांढरा रंग टिकत नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर औषधांची मात्रा पाठ करायची. उभे राहावे लागले तर डोळे मिटून हाडांची नावे. स्टँडवरची शेवटची गाडी कोणती, कंडक्टर कोण, हे प्रत्येकीला तोंडपाठ. ही शहाणीव कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, पण तिच्याशिवाय अभ्यासक्रम पुरा होत नाही.

झरी जामणीत या साऱ्यावर आणखी एक ओझे आहे. महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत या तालुक्याचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले ते कुमारी मातांच्या प्रश्नामुळे. बाहेरून आलेल्या माणसांनी आदिवासी मुलींची फसवणूक केली, आणि मुले व बदनामी त्या मुलींच्या पदरी राहिली. ज्या गावाने हे जवळून पाहिले आहे, तिथल्या बापाने मुलीला रोज पहाटे अंधारात बसथांब्यावर सोडताना कचरणे याला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे होईल. सदाशिव पेठेची भीती अब्रूची होती. इथली भीती अनुभवाची आहे, आणि म्हणून वसतिगृहाचे मोल इथे पुण्यापेक्षा जास्त.

पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. ज्यांना त्यांत जागा मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांना जेवण व निवासासाठी रक्कम देणारी ‘स्वयम्’ योजना २०१६-१७ पासून आहे. १९११ मध्ये एका विधवेने पुण्यात देणग्या गोळा करून केलेले काम आज सरकारी खात्याचे कर्तव्य झाले आहे, हा बदल लहान नाही. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते आणि सरकारी रक्कम तिच्या सवडीने येते, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे.

नकाशा उघडला तर आणखी एक विसंगती दिसते. झरीहून यवतमाळपेक्षा आदिलाबाद कितीतरी जवळ. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठे रुग्णालय आहे. परंतु १८५३ मध्ये पैनगंगेवर आखलेली रेघ आता दोन राज्यांची सीमा आहे. पलीकडे भाषा तेलुगू, परिचर्या परिषद वेगळी, आरक्षणाच्या याद्या वेगळ्या. रुग्ण नदी ओलांडून उपचाराला जातात. विद्यार्थिनी सहसा जात नाही.

ही मुलगी नर्स झाली नाही, तर काय बिघडते? या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. गावापासून हटून, टेकडीच्या अंगाला वसलेल्या पाच-पंचवीस घरांच्या वस्त्या. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून केंद्र सरकारने नोंदवल्या आहेत. कोलामांची कोलामी द्राविडी कुळातली. मराठी बोलणाऱ्याला तिच्यातले वाक्य पकडता येत नाही. आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे आणि उपकेंद्राची सारी भिस्त एएनएमवर. प्रसूतीच्या कळांत असलेल्या बाईला धीर द्यायचा, रक्तस्राव किती झाला हे विचारायचे, तर मध्ये दुभाषी ठेवून चालत नाही.

बाहेरगावाहून नेमलेली सिस्टर मन लावून काम करणारी असली, तरी तिची मुले पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या शाळेत शिकतात. मग तीही अपडाऊन करते. मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर असतो, उपकेंद्राचे क्वार्टर गळके असते, आणि बाळंतपणे मात्र रात्रीच जास्त येतात असा पोडावरच्या म्हाताऱ्यांचा दावा आहे. पहाटे तालुक्यातून शिकायला बाहेर निघालेली मुलगी आणि सकाळी तालुक्यात नोकरीला येणारी सिस्टर यांच्या गाड्या त्याच रस्त्यावर एकमेकींना ओलांडून जातात.

राज्यपालांनी २०१४ मध्ये संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून एक अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्यासारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरावीत असे तिने ठरवले, आणि त्या यादीत परिचारिकेचे पदही आहे. झरी जामणीतील अनेक गावे या क्षेत्रात येतात. पोडावर वाढलेल्या, कोलामी बोलणाऱ्या मुलीसाठी तिच्याच उपकेंद्राची खुर्ची त्या अधिसूचनेने राखून ठेवली होती. त्या खुर्चीसाठी लागणारे प्रमाणपत्र मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात दोन वर्षे उभे राहून मिळवायचे असते, हजेरी शंभर टक्के, आणि पहिली गाडी सुटायच्या आत थांब्यावर पोहोचायचे असते.